घसारा, वजावट वगैरे

वरच्या नायरांच्या गिझरचा पाइप
शनिवारी रात्री कधीतरी सुटला.
आम्ही पेणला, ह्यांच्या मावसभावाच्या साठीशांतीला.
रविवारी तिन्हीसांजेला नेरूळला परतलो तर
लादीवर आमच्याच चपला तरंगत होत्या
आणि छताच्या पोपड्यातून
अजून थेंब पडत होता, मोजून मोजून.

नायरबाई फणसाचे तळलेले गरे घेऊन आल्या
आणि रडल्या.
मीच त्यांना चहा करून दिला.

मंगळवारी सर्व्हेअर आले. मुकादम. तळोज्याचे.
बूट दाराबाहेर काढले, कुणी सांगितलं नव्हतं तरी.
सोफा दाबून पाहिला, डॉक्टर पोट दाबतो तसा.
"किती वर्षं?"
"नऊ."
बावीस हजारांचे अकरा झाले.
टीव्ही सात वर्षांचा, एकतीसचे बारा हजार चारशे.
माझ्या शिलाई मशीनची मोटर, चारची दोन.
कपाटातल्या साड्या, चादरी, नवाचे साडेचार.
"घसारा," ते म्हणाले.
"वस्तू जेवढी वापरलीत, तेवढी ती तुम्हाला मिळून चुकली."

ह्यांनी पेपरातली जाहिरात कापून ठेवली होती,
नव्या टीव्हीची. ती पुढे केली.
मुकादमांनी ती नीट वाचली, अगदी खालच्या बारीक अक्षरांसकट,
घडी घालून परत दिली.
"हा गेला असता तर ह्याचा भाव दिला असता. गेला तो जुना."

बेरीज एकोणतीस हजार नऊशे.
"आता बघा, घरात सामान अडीच लाखांचं,
विमा काढलात दोनचा.
म्हणजे पाचातला एक वाटा
तुम्ही तेव्हाच स्वतःकडे ठेवलात."
हप्ता कमी यावा म्हणून
फॉर्मवर दोन मीच लिहिलं होतं.
मी गॅस बारीक करायला आत गेले.
गॅसवर काही नव्हतं.

"आणि पहिले पाच हजार वजा. एक्सेस."
"ते का?"
"पेला फुटला तरी लोक क्लेम करतील, म्हणून.
पहिला धक्का घरानं सोसायचा."
कागदावर त्यांनी लिहिलं अठरा हजार नऊशे वीस
आणि खाली दोन रेघा ओढल्या.

पहिला धक्का.
ह्यांची रबाळ्याची कंपनी बंद पडली तेव्हा
अडीचशे रुपयांना एक असे
किती ब्लाउज त्या मशीनवरून उतरले,
त्याचा घसारा दोन हजारांत आला की नाही
हे मुकादमांना विचारायचं राहून गेलं.

टीव्हीचं बिल सापडेना.
"फोटो चालेल," ते म्हणाले, "कुठलाही, मागे टीव्ही दिसला पाहिजे."
मग आम्ही तिघं
ओजसचे वाढदिवस बघत बसलो,
तोंडं सोडून, कोपरे बघत.
दहाव्या वाढदिवसाला सापडला,
पण अर्ध्या टीव्हीपुढे मुकुंदभावजी उभे,
हातात केकचा तुकडा,
कुणाला भरवणार होते ते फोटोत नाही.
"हे जरा बाजूला असते तर मॉडेल दिसलं असतं,"
मुकादम म्हणाले.

सहा वर्षं झाली ते बाजूलाच आहेत.
सासूबाईंच्या चार पाटल्या, आणि एका दिवाळीला
दोन्हीकडून निघालेले शब्द.
ह्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला,
टीव्हीवर आणला,
मग बोट हळूच डावीकडे सरकलं
आणि तिथेच थांबलं.
"पाठवतो," म्हणाले.
फोटो गेल्याचा आवाज दोनदा आला.
एक मुकादमांच्या खिशात वाजला.
दुसरा कुठे, मी विचारलं नाही.

पैसे तिसऱ्या आठवड्यात आले, अठरा हजार नऊशे वीसच.
छतावरचा डाग अजून आहे,
साधारण उरणच्या नकाशासारखा.
जाताना मुकादम सांगून गेले होते,
दरवर्षी सगळ्या सामानाचे फोटो काढून ठेवा,
एकेका वस्तूचा, माणसं मधे नकोत.

काल काढले.
फ्रीज, कपाट, मशीन, नवा सोफा.
नव्या टीव्हीच्या काळ्या काचेत
फोन धरलेली मीच आले, गाऊनमधे.
पुसून पुन्हा काढावा म्हटलं,
तेवढ्यात बेल वाजली.